अर्धा शब्द

लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. त्याच्या पुढ्यात ती गुंडाळी होऊन आली, पिवळ्या नाडीनं बांधलेली, आणि बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यानं स्वतःच्या हातांनी ती टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांवर नेहमीची चार वजनं ठेवली: दोन दौती, एक पितळी पट्टी आणि चहाचा रिकामा पेला. नगरपालिकेच्या नकाशाघरात तो तेवीस वर्षं हेच करत आला होता, दुसऱ्यानं पेन्सिलीत काढलेलं शाईत उतरवायचं. त्यात एक सोय होती. चूक निघाली तर ती पेन्सिलीची निघायची. आजच्या कागदावर एक लांबट चौकोन होता आणि त्याच्या पोटात चौसष्ट लहान चौकोन, साबणाच्या वड्या वाळत घालाव्यात तसे. वाहनतळ, चौसष्ट गाड्यांचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शाईत हवा होता. त्यानं टाक बुडवला आणि सवयीप्रमाणे आधी नकाशाला टाचलेलं पाहणीपत्रक वाचलं. जागा: जुन्या कोळसा वखारीची मागची बाजू. सद्यस्थिती: पडीक. त्या शब्दातल्या 'क'ची शेपटी जरा लांबवून वर वळवलेली होती. अशी शेपटी त्या अख्ख्या इमारतीत एकच माणूस काढायचा. टाकाच्या टोकावर थेंब फुगत गेला, आणि गळायच्या आत त्यानं तो दौतीत परत सोडला.

"काय झालं हो?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. त्या नकाशांवर नावं घालायच्या, आणि नावं घालणाऱ्याला सगळ्यांच्या चेहऱ्यावरचंही वाचता येतं असा त्यांचा समज होता. "शाई घट्ट झालीय," तो म्हणाला. "मग पाणी घाला की. तोंडावर बारा कशाला वाजवताय?" तो हसला. हसला म्हणजे गालांनी तेवढं काम केलं. आतमध्ये एक बादली वाजत होती.

पत्र्याची बादली, कडीला चमचा बांधलेला. टण टण. तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीस. वडील त्याच कोळशाच्या वखारीत पाट्या उचलता उचलता खोकत गेले, आई त्याच्याही आधी, आणि मग वखारही बंद पडली. मालकांनी दाराला कुलूप लावलं, पण मागची भिंत पडलेली होती, तिला कुलूप कोण लावणार? भिंतीपलीकडे काळं मैदान होतं. नुसती राख आणि कोळशाची चुरी. उन्हात ते तापलं की गल्लीत तव्याचा वास यायचा, पण तव्यावर काही नसायचं. ताई एक दिवस तिथं उकिडवी बसली, मूठभर राख हातात घेऊन तिनं ती हुंगली आणि म्हणाली, "उपाशी आहे ही. हिला कुणी काही खायलाच दिलं नाही." तेव्हापासून त्याचं काम ठरलं. शाळा सुटली की बादली घेऊन दारोदार जायचं, चमचा वाजवायचा आणि सालं मागायची. बटाट्याची, केळ्याची, दुधी भोपळ्याची, कांद्याची. गल्लीतली बावीस बिऱ्हाडं आणि पलीकडच्या रस्त्यावरची बेकरी. बायका सालं द्यायच्या, पोरं नाव द्यायची. सालप्या. "सालप्या आला रे, जपून, तुला पण सोलेल." त्याच्या दप्तराला, सदऱ्याला, पुढं पुढं त्याला वाटायचं की त्याच्या पाढ्यांनासुद्धा तो वास होता, आंबूस, गोडसर, दमट. तीन वर्षं त्या राखेनं सालं खाल्ली. तीन वर्षं ताई आणि गल्लीतल्या सहा-सात बायका ती खालीवर करत राहिल्या, आणि फावड्याच्या तालावर ताई काहीबाही जुळवून म्हणायची:

काळी गं जमीन, कोळशाची काळी
सालं खाऊ घाला हिला, होईल लेकुरवाळी

आणि झालीच ती. चौथ्या वर्षी पालक आला, मग मुळा, मग घेवडा, मग भोपळ्याचे वेल पडक्या भिंतीवर असे चढले की भिंत पडलीय हेच कुणाच्या लक्षात येईना. ताई मूठ उघडून दाखवायची तेव्हा तिच्यात माती असायची, राख नाही. "बघ," ती म्हणायची, "यातलं निम्मं तू आणलंयस." त्याला मात्र त्या निम्म्यातनं बाहेर पडायचं होतं. तो चित्रकलेत हुशार होता, रेघ सरळ काढायचा. सरळ रेघेला वास नसतो.

टेबलावरच्या कागदाला वास होता, पण तो खळीचा. त्यानं पत्रक पुन्हा वाचलं. शब्द बदलला नव्हता. साहेबांच्या खोलीतनं शिक्क्याचा आवाज येत होता, धप्, धप्. त्याला पूल आठवला. तो तेरा वर्षांचा असताना शहराबाहेरचा मोठा पूल खचला आणि एकोणीस दिवस मालमोटारी आल्या नाहीत. शहर म्हणजे किती मोठं वाटतं, आणि त्याच्या पोटात फक्त तीन दिवसांचं असतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. चौथ्या दिवशी दुकानदार रिकाम्या टोपल्या उलट्या घालून त्यांच्यावरच बसले. पाचव्या दिवशी गल्लीतली माणसं पडक्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली, लग्नघरी न बोलावता आल्यासारखी. ताईनं कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "घरात तोंडं किती तेवढं सांगा. लाजू नका, आणि वाढवून पण सांगू नका. पान तोडायचं, मूळ नाही उपटायचं. मूळ राहिलं तर परवा परत या." तान्ह्या बाळाचंही एक तोंड धरलं होतं, कारण ते आईतून जेवायचं. एकोणीस दिवस गल्लीत एकही चूल नुसत्या पाण्यावर तापली नाही. त्या दिवसांत तो बादली घेऊन निघाला की बायका स्वतः दारात उभ्या असायच्या, सालं कागदात नीट बांधून, एखाद्याला पत्र द्यावं तशी. बेकरीवाल्याचा पोरगा, ज्यानं ते नाव पहिल्यांदा ठेवलं, तो बादलीची कडी दुसऱ्या बाजूनं धरून कोपऱ्यापर्यंत आला होता. पण नाव तेच राहिलं. नाव हे असं असतं, कुणी रागानं ठेवलेलं असो की मायेनं, आपण वळून बघितलं की ते आपलं.

मग तो वळून बघेनासा झाला. नोकरी लागली, लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ताई म्हणाली, "मी कुठं येऊ रे, हिला कोण बघेल?" ही म्हणजे जमीन. सुरुवातीला तो दर रविवारी जायचा, मग महिन्याला, मग सणासारखा. आणि दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. ताईनं बसवाल्या काकांबरोबर गोणी पाठवली होती. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, ताईच्या शेजारच्या बिऱ्हाडातले, आता तिच्या हाताखाली वाफ्यांना पाणी घालायचे. आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. नकाशाघराच्या दारात उभे राहून त्यांनी हाक मारली, "आमचा सालप्या कुठं बसतो हो?" सतरा टेबलांवरच्या सतरा माना वर झाल्या. तो उठून दारापाशी गेला, गोणी घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "इथं मला या नावानं हाक मारत जाऊ नका, काका." काका दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "बरं साहेब." गोणीत दोन भोपळे होते आणि तळाशी, ओल्या फडक्यात, कोवळा पालक. त्यानंतर गोणी आली नाही.

आणि पुढच्याच हंगामात पाहणीचं काम निघालं. शहरातल्या मोकळ्या जागांची यादी करायची होती, त्याच्या वाट्याला एकतीस जागा आल्या. तीस जागी तो स्वतः गेला, फीत टाकून, चिखल तुडवत. एकतिसावी वखारीमागची. ती काय, घरचीच, डोळे मिटून काढता येईल. घरचं म्हणूनच पाहायचं राहून गेलं. त्यानं गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात फोन केला, ताईला बोलावलं. मागं शिवणयंत्र खडखडत होतं. "ताई, मागची जागा सध्या कशी आहे?" "अरे, तू आहेस होय," ती म्हणाली, "बरं झालं. अरे, भोपळ्याला तीन हंगाम कीड लागली, मग मी म्हटलं..." "ताई, घाईत आहे गं. एका शब्दात सांग." यंत्र थांबलं होतं की त्याला तसं वाटलं कुणास ठाऊक. "एका शब्दात?" ती म्हणाली. "पड आहे." त्यानं तोच शब्द लिहिला. पड. पत्रक साहेबांकडे गेलं आणि साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पड? हे काय, अर्धाच शब्द? पूर्ण करा." तेव्हा त्यानं उभ्या उभ्या, साहेबांच्याच टाकानं, दोन अक्षरांच्या पुढं बाकीचं जोडून दिलं. एक वेलांटी आणि एक 'क'. शेपटी लांबवून, वर वळवून. दहा श्वासांचं काम नव्हतं ते. आता त्याच शब्दाच्या पाठीवर चौसष्ट गाड्या उभ्या राहणार होत्या, कारण योजनेच्या पहिल्याच पानावर नियम छापलेला होता: वाहनतळासाठी पडीक जागाच घ्यावी.

खणात पातं होतं. चुकलेली रेघ पात्यानं खरवडायची आणि गुळगुळीत दगडानं कागद घोटायचा, की शाई होती असं कुणाच्या बापाला कळत नाही. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं पातं काढलं, शब्दावर धरलं, आणि तेव्हा त्याला दिसलं की फक्त एक अक्षर घालवायचं आहे. मधला 'ड' गेला की उरेल पीक. वेलांटीसुद्धा हलवावी लागणार नाही, ती आपोआप 'प'च्या पदरात पडेल. इतकं सोपं. पण पातं कागदावर टेकलं नाही. भीतीनं नव्हे. त्याला इतकंच कळेना की आज तिथं पीक आहे की नाही. त्यानं पाहिलंच कुठं होतं? त्यानं पातं खणात ठेवलं, अर्ध्या दिवसाची रजा मांडली, कपाटातली फीत घेतली आणि बस धरली.

बसमधून उतरल्यावर गल्ली त्याला अरुंद वाटली, लहानपणीचा सदरा वाटावा तशी. शिंप्याचं दुकान तेच, बेकरीचं धुराडं तेच. भिंतीच्या खिंडारापाशी मात्र तो थांबला, कारण आत सगळं हिरवं होतं. घेवडा काठ्यांवर चढला होता, मुळ्याचे वाफे ओळीनं, टोमॅटोला जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी आधार दिलेला. एक बाई ओंजळीनं पालक खुडून फडक्यात घेत होती, पान तोडत होती, मूळ नाही. त्याच्याकडे तिनं अनोळखी नजरेनं पाहिलं, फितीकडे पाहिलं, आणि खुडणं जरा घाईनं सुरू केलं. ताई उपड्या खोक्यावर बसून सुतळी सोडवत होती. तिचे केस पार पांढरे झाले होते, आणि हे कधी झालं ते त्याला माहीत नव्हतं.

"फीत घेऊन आलास," ती म्हणाली, जणू तो सकाळीच उठून गेला होता. "भावाला बहिणीकडे यायला फीत लागते होय? किती लांब आलास ते मोजायला?"

"ताई, मला काहीतरी सांगायचंय."

"सांग की. एका शब्दात सांगायचंय का सवडीनं?"

बसवाले काका पाण्याची झारी घेऊन वाफ्याच्या टोकाला उभे होते. त्यांनी त्याला पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "या साहेब." त्या 'साहेब'मध्ये टोमणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं. तो खाली मातीतच बसला, पँटची पर्वा न करता, आणि सगळं सांगितलं. फोन, पत्रक, साहेब, टाक, ती जोडलेली वेलांटी आणि 'क', चौसष्ट चौकोन, शुक्रवार. सांगताना तो ताईकडे बघत नव्हता, सुतळीकडे बघत होता. ताईची बोटं थांबली नाहीत. चौथीपर्यंत शिकलेली ती. ऐकून झाल्यावर तिनं वाफ्याच्या कडेला बोटानं तो शब्द लिहिला, सावकाश, अक्षर अक्षर. पडीक. मग मधलं अक्षर तळव्यानं पुसलं आणि खळखळून हसली. "बघ की रे. एवढंच तर मधे आलंय."

"मला पण दिसलं ते. खरवडू शकतो मी. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ताई म्हणाली. "आणि हिला." तिनं पुसलेल्या जागेवर हात ठेवला. "त्या वर्षी पीक नव्हतंच. मी खोटं सांगितलं का तुला? पड होती. मी ठेवली होती पड. आणि आत्ता सुद्धा तो कोपऱ्यातला तुकडा पडच आहे, तो बघ." त्यानं पाहिलं. कुंपणाच्या बाजूला चौथाई जागा मोकळी होती, वर वाळका पाला अंथरलेला, अंथरूण घालावं तसा. "पडीक म्हणजे कुणाचीच नसलेली. पड म्हणजे कुणीतरी राखलेली. तुला हे सांगायचं होतं मी फोनवर, पण तुला घाई होती." आणि मग, सुतळीचा गुंता नखानं सोडवत, ती हलक्या आवाजात म्हणू लागली. हे कडवं तो विसरला होता. विसरला होता असंही नाही. ते कधी त्याच्या बादलीत पडलं नव्हतं:

दमली लेकुरवाळी, निजू द्या एक साल
उठल्यावर बघा तिचे हिरवे हिरवे गाल

साल. त्यानं आयुष्यभर एकाच अर्थानं ऐकलेला शब्द. ताईकडे बघावं तर ती सुतळीत गुंतलेली, आणि तेव्हा त्याला कळलं की तीसुद्धा दमली असेल, एवढ्या वर्षांत तिला कुणी एक साल दिलं नव्हतं. तोच जुना वास आला, आंबूस, गोडसर, दमट. "इथून किती घरं खातात आता?" त्यानं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. "एकतीस," ताई म्हणाली. "आणि त्या शिंप्याच्या सुनेचं बाळ. ते आईतून." मग तिनं फितीचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. "चल. मोजायला आलायस ना? मोज." संध्याकाळपर्यंत त्यांनी वाफा न् वाफा मोजला. काका पलीकडचं टोक धरायचे आणि आकडा ओरडायचे, थांब्याचं नाव ओरडावं तसा. निजलेला तुकडाही मोजला, त्याच्यावर पाय न देता, कडेकडेनं.

गुरुवारी त्यानं नवं पत्रक लिहिलं, आणि त्याखाली नियमाप्रमाणे कबुलीही: मागील नोंद मी प्रत्यक्ष पाहणी न करता केली होती. सही. शुक्रवारी दुपारी तो ते साहेबांपुढे घेऊन उभा राहिला. वाहनतळाची गुंडाळी शाईविना त्याच्या काखेत होती. साहेबांनी कबुली वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सेवापुस्तकात शेरा येईल हा. तेवीस वर्षांत पहिला. कळतंय ना?" "हो साहेब." साहेब पुढं वाचू लागले. तीन हिस्से: पीक. एक हिस्सा. त्यांचं बोट थांबलं.

"पड? हे काय परत? अर्धाच शब्द?"

"नाही साहेब. पूर्ण आहे."

साहेबांनी वर पाहिलं. बाहेर टाकांची कुरकुर चालू होती. "पडीक म्हणा की मग. निदान एवढ्यात सोळा गाड्या तरी बसतील. तुमचंही राहील, आमचंही."

"ती दमली होती," तो म्हणाला, आणि असलं वाक्य या खोलीत कधी कुणी बोललं नसेल हे त्याला बोलतानाच जाणवलं. "म्हणून निजवलीय. या साली उठेल. रिकामी नाही ती, साहेब. मी पाहून आलोय."

"दमली होती," साहेब म्हणाले. "हे मी वर लिहून पाठवू?" त्यांनी 'पीक'मधल्या त्या वळवलेल्या शेपटीकडे पाहिलं, मग पत्रक त्याच्याकडे सरकवलं. "मला नाही जमायचं. तुम्हीच लिहा समासात, अर्थ काय तो. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं. वरून विचारलं तर तुम्ही सांगायचं." त्यानं तिथंच वाकून लिहिलं: पड, म्हणजे लागवडीची, विसाव्यास ठेवलेली जमीन. टाक साहेबांचाच होता, दोन वर्षांपूर्वीचा. साहेबांनी गुंडाळीवर शिक्का उचलला. जागा अयोग्य, योजना परत. धप्. "वर पुन्हा कुणी काढेल हे," ते म्हणाले. "काढलं तर काढलं. मी परत पाहून येईन," तो म्हणाला.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. शेजारच्या बाई संत्रं सोलत होत्या, साल एका लांब फितीसारखी निघत होती, आणि त्यांचा दुसरा हात टेबलाखालच्या टोपलीकडे वळला होता. "टाकू नका," तो म्हणाला. त्यानं स्वतःचा धुतलेला डबा उघडून पुढे केला. "द्या इकडे."

"तुम्हाला हो कशाला सालपटं?"

"रविवारी बहिणीकडे जायचंय. माझं जुनं काम आहे हे." आणि मग, सतरा टेबलांच्या त्या नकाशाघरात, त्यानं चमचा उचलला आणि डब्याच्या कडेवर दोनदा वाजवला. टण टण. सतरा माना वर झाल्या.